कॉरिडॉरमधलं मातीचं माकड

माझ्या वडिलांचा जीव माझ्यापेक्षा एका मातीच्या माकडावर जास्त आहे, असं मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वाटायला लागलं. हसा खुशाल. दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं तर मीही हसलोच असतो. पण त्या दोन महिन्यांत माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि त्या भरात मी जे केलं ते तर मुळीच नाही.

आधी घरातली माणसं सांगतो. मी, बायको आणि अकरा वर्षांची मुलगी असे आम्ही तिघं सिंगापूरमध्ये पुंगोलला सातव्या मजल्यावर राहतो. मी कॉम्प्युटरवाला, आठवड्यातून दोन दिवस घरूनच काम करतो. बायको नोव्हेनाला एका क्लिनिकच्या लॅबमध्ये आहे. आणि पुण्याला माझा धाकटा भाऊ. तो माझ्याहून एक वर्ष आणि दहा दिवसांनी लहान. म्हणजे मी किंक्रांतीला जन्मलो, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, आणि पुढचा जानेवारी संपायच्या आत हे महाराज हजर. आईच्या मांडीवर मला उणंपुरं एक वर्ष मिळालं. तो पाळण्यात असताना मी त्याला चिमटे काढून पळून जायचो म्हणे. मला ते आठवत नाही, पण मी तसं केलं असणार याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

बाबा पहिल्यापासून त्याचे. ते पिंपरीच्या एका फाउंड्रीत पॅटर्न मेकर होते. जो भाग लोखंडात ओतायचा तो ते आधी लाकडात हुबेहूब कोरायचे. त्या नमुन्यावरून वाळूचा साचा निघायचा आणि साच्यात लोखंडाचा रस ओतायचे. आयुष्यभर त्यांनी हेच केलं. धाकटा शाळेत असल्यापासून त्यांच्या हत्यारांच्या पेटीत हात घालायचा, पुढे त्याच धंद्यात गेला, आणि आजही त्या दोघांचं बोलणं सुरू झालं की आपण मध्ये फक्त 'हं' म्हणायचं. मी हुशार निघालो हे माझं दुर्दैव. मला पेटीजवळ फिरकू दिलं नाही, 'तू अभ्यास कर' म्हणून पिटाळलं. मी अभ्यास केला, सिंगापूरला आलो, इथेच रुजलो, आणि इतक्या वर्षांत बाबांनी माझ्या कामाबद्दल एकच प्रश्न विचारला: "पण तू नक्की बनवतोस काय?"

आई गेल्यावर ते धाकट्याकडेच राहिले. मग मी हट्टाने त्यांना इकडे आणलं, वर्षभर इथे राहायचा पास काढून. पास संपत आला की तो वाढवायचा का पुण्याला परत जायचं, हे त्यांनी ठरवायचं होतं. मला काय हवं होतं ते स्पष्टच सांगतो. त्यांनी म्हणायला हवं होतं, "मी आता इथेच राहतो, मोठ्याकडे." एकदाच. पण धाकट्याला ऐकू जाईल असं. मी तर त्यांना न विचारता पास वाढवायचा अर्जही भरून टाकला होता, आणि सांगायला चांगला मुहूर्त शोधत होतो.

पहिले काही महिने ते कंटाळले. एलआरटीत, म्हणजे आमच्या भागात गोल फिरणाऱ्या छोट्या गाडीत, बसून अख्खी चक्कर मारायची आणि चढले तिथेच उतरायचं, हा त्यांचा सकाळचा उद्योग. मला वाटायचं, कंटाळू देत, कंटाळले की माझ्याशी बोलतील. तेवढ्यात त्यांना समोरच्या बाई सापडल्या.

आमच्या दारासमोर, मधला चार पावलांचा कॉरिडॉर सोडून, एक जपानी बाई राहतात. पंचाहत्तरीच्या असतील. नवरा इथलाच चिनी होता, तो वारला. लग्न करून आल्या त्याला चाळीसेक वर्षं झाली. आम्ही त्यांना आँटी म्हणतो, बाबा 'समोरच्या बाई' म्हणतात. त्यांचे वडील त्यांच्या गावात देवळाबाहेर विकायच्या मातीच्या घंटा बनवायचे. घंटा म्हणायचं, पण जात घुंगराची. एक पोकळ जनावर, त्याच्या पोटात मातीची गोळी आणि खाली एक फट. हलवलं की खडखड असा कोरडा, बसका आवाज. तो आवाज जिथे होतो तिथे वाईटसाईट काही थांबत नाही, असं त्यांच्याकडे मानतात. दर वर्षाचं एक जनावर, अशी बारा वर्षांची बारा. ज्या वर्षी तुम्ही जन्मलात त्या वर्षाचं जनावर तुमचा राखणदार. आपण मीठमोहरी ओवाळून दृष्ट काढतो, ते राखणदारच दारात टांगून ठेवतात.

येताना बाईंनी वडिलांचे काही साचे बरोबर आणले होते, प्लॅस्टरचे, प्रत्येकाचे दोन अर्धे. सगळे बारा काही त्यांच्याकडे नव्हते. दोन्ही अर्ध्यांत माती दाबायची, आत गोळी ठेवायची आणि दोन्ही अर्धे एकमेकांवर मिटायचे. गोळीला कागद गुंडाळतात, म्हणजे ती ओल्या मातीला चिकटत नाही. भट्टीत कागद जळतो आणि गोळी मोकळी होते. बाई दर वर्षी थोड्याशा घंटा करायच्या, कुठल्याशा मातीकामाच्या वर्गाच्या भट्टीत भाजून आणायच्या, रंगवायच्या आणि शेजाऱ्यांना वाटायच्या. आम्हालाही एकदा एक मिळाली होती. ती मी कुठल्या खणात टाकली कुणास ठाऊक.

एका सकाळी बाई कॉरिडॉरमध्ये वर्तमानपत्र पसरून बसल्या होत्या आणि त्यांच्या सशाचा कान साच्यातच मोडून राहिला. बाबा लिफ्टकडे निघालेले, ते थबकले. गुडघे दुखतात म्हणून देवाला नमस्कारसुद्धा उभ्याने करणारा माणूस सरळ खाली बसला. साचा उजेडाकडे धरला आणि आपल्या कारखान्यातल्या इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, नो ड्राफ्ट. जॉब विल नॉट कम आउट." ड्राफ्ट म्हणजे साच्याच्या भिंतीला द्यायचा हलका उतार, तो नसेल तर आतला माल अडकतो. बाईंना शब्द कळला नाही, पण बाबांनी बोट तिरकं करून दाखवलं तशा त्या मोठ्याने "आआ" म्हणाल्या आणि आत जाऊन चहा घेऊन आल्या. झालं. त्या दिवसापासून बाबा आमचे राहिले नाहीत.

सकाळी नऊला समोर. जेवायला हाक मारावी लागायची. "बाबा, पान वाढलंय." "आलो, एवढी शेपटी बसवून आलो." दुपारी डुलकी काढून पुन्हा समोर. माझ्या खोलीची खिडकी कॉरिडॉरमध्ये उघडते, त्यामुळे मीटिंगमध्ये बसल्या बसल्या मला सगळं ऐकू यायचं. त्यांची भाषा काय, तर 'लेस', 'मोर', 'दिस साइड', 'फिनिश'. एवढ्या चार शब्दांत ते दोघं अख्खी सकाळ काढायचे, आणि वर हसायचे! माझ्याशी बोलायला बाबांकडे सगळी मराठी पडली होती, तर "जेवलास का" आणि "एसी कमी कर" याच्यापुढे गाडी जात नव्हती.

मी बायकोकडे कुरकुर केली.

"अरे, म्हातारा माणूस रमलाय," ती म्हणाली. "तुझ्या का पोटात दुखतंय?"

"माझ्या पोटात काही दुखत नाही."

"मग तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

मी तोंड फिरवून लॅपटॉप उघडला. दुखत होतं ना. चांगलं दुखत होतं. माझा बाप मातीत हात घालून लहान मुलासारखा हसतो हे मला पंचेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं, आणि ते बघायला मला खिडकीच्या जाळीतून वाकून पाहावं लागत होतं.

मग घरच्यांसाठी घंटा व्हायला लागल्या. बायकोचा कुत्रा झाला, मुलीचा घोडा झाला. दोन्ही भाजून रंगवून दाराबाहेरच्या खिळ्याला टांगले गेले. मी येता-जाता त्या खिळ्याकडे बघत होतो. आता आपली पाळी, एवढंच मनात. आणि एके दिवशी बाबांनी कुठूनसा लाकडाचा ठोकळा पैदा केला आणि कोरायला बसले. बाईंच्या साच्यांत जे जनावर नव्हतं ते बाबा स्वतः घडवणार होते. चार दिवसांत त्यातून डोकं निघालं, मग गुडघ्यावर टेकलेला हात, मग शेपटी. माकड होतं ते. साधंसुधं नाही, गालाचा खळगासुद्धा कोरलेला. बाबांच्या हातात पूर्वीची ताकद नाही, मध्येच थांबून ते बोटं चोळायचे आणि पुन्हा पटाशी धरायचे.

"हे कुणाचं?" मी एकदा दारात उभा राहून सहज विचारल्यासारखं विचारलं.

बाबांनी मान वर केली नाही. "ओळख," म्हणाले, आणि हसले. हसले म्हणजे मिशीतल्या मिशीत.

मी ओळखायला गेलो. मुलीच्या शाळेत चिनी नववर्षाला बारा जनावरांचा तक्ता करून घेतात, तो तिच्या कपाटाला आतून चिकटवलेला होता. तिला म्हटलं, बघ गं, मी कोण आणि काका कोण? तिला हे सगळं पाठ. चिनी वर्ष फेब्रुवारीच्या सुमाराला सुरू होतं, त्यामुळे जानेवारीतली माणसं मागच्या वर्षात जातात, हेही तिनेच मला समजावलं. बोट फिरवून इथल्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, यू आर गोट लाह. काका इज द मंकी."

मी बकरा. धाकटा माकड.

सांगतो काय, तळपायाची आग मस्तकात गेली. मी इथे त्यांना आणलं, त्यांच्यासाठी खोली रिकामी केली, त्यांना लागतं म्हणून आमच्या फ्रीजमध्ये कायम ताकाचं भांडं, आणि हे इथे माझ्या दारात बसून तीन आठवडे कोरतायत ते त्याच्यासाठी! बायकोचं झालं, नातीचं झालं, आता मुलगा म्हटल्यावर आधी आठवला तो पुण्याचा. बकऱ्याचा साचा तर बाईंकडे तयार होता, मी पाहिला होता. अर्ध्या तासाचं काम. तेवढंही नाही.

त्याच रविवारी धाकट्याचा व्हिडिओ कॉल आला. बाबा आंघोळीला गेले होते. तो मला म्हणतो, "दादा, बाबा तिकडे काय कोरतायत रे? मी विचारलं तर म्हणतात, तुला नंतर दाखवीन."

"मला काय माहीत," मी म्हटलं. "तुझं तूच विचार त्यांना."

"अरे, चिडतोस काय?"

"चिडत नाहीये." आणि फोन ठेवला. नंतर दाखवीन! म्हणजे उघडच होतं. मला त्या माकडाचा इतका राग यायला लागला की कॉरिडॉरमधून जाताना मी दुसरीकडे बघत जायचो. एका मातीच्या खेळण्यावर जळणारा मॅनेजर. माझ्या टीमला कळलं असतं तर काय म्हणाले असते!

लाकडी माकडावरून प्लॅस्टरचा साचा झाला, पण बाबांना मनासारखं मातीचं माकड मिळेना. पहिलं सांध्यावर तडकलं. दुसऱ्याचा हात निखळला. तिसरं मात्र उतरलं. बाबांनी ते फळीवर ठेवलं आणि फळी आमच्या चपलांच्या कपाटावर, कॉरिडॉरमध्ये, सावलीत सावकाश वाळायला. "कुणी हात लावू नका," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना म्हणजे माझ्याकडे बघून, असं मला वाटलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरून काम करत होतो. बाबा समोर चहाला गेले होते. दुपारी अडीचच्या सुमाराला आभाळ काळं झालं आणि पाऊस आला तो आडवाच. आमचा कॉरिडॉर आमच्या दाराजवळच्या टोकाला उघडा आहे, अशा पावसात पाणी थेट दारापर्यंत येतं. मी मीटिंगमध्ये होतो. आवाज ऐकून उठलो, खिडकीशी आलो. कपाटावर पाणी उडायला लागलं होतं. माकडावर पहिले ठिपके पडले, काळे, मोठे. मी बघत राहिलो.

आतून दार उघडून, हात लांब करून फळी आत घ्यायची, बास. मी स्वतःला सांगितलं, मीटिंग चालू आहे. मीटिंगमध्ये माझं काहीच काम नव्हतं, मी म्यूटवर होतो. मग सांगितलं, बाबाच येतील. मग सांगितलं, त्यांनी बाहेर ठेवलंच कशाला. पाणी वाढलं. आधी कान गेले, मग गाल, मग गुडघ्यावरचा हात घसरून पोटावर आला. आणि मला, खोटं कशाला बोलू, गार वाटलं. कुणीतरी माझी बाजू घेतल्यासारखं वाटलं. मी परत खुर्चीत जाऊन बसलो आणि मीटिंग संपेपर्यंत उठलो नाही.

पाऊस थांबल्यावर बाबा आले. दारातून त्यांचा आवाज येईल, आरडाओरडा होईल, म्हणून मी कान टवकारून बसलो होतो. काही नाही. बाहेर गेलो तर ते चिखलाचा गोळा फळीवरून बादलीत खरवडत होते.

"अरेरे," मी म्हणालो. ऐकू आलं असेल तर त्यांना ते किती खोटं वाटलं असेल!

"भाजलेलं नव्हतं," बाबा म्हणाले. "माती परत वापरता येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना त्यांनी बशी बाजूला सारली. "माझं तिकीट बघ पुण्याचं. पास वाढवायचा नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बरं." अर्ज आधीच भरलाय हे सांगायला तोंडच उघडलं नाही. आत मात्र नुसता जळफळाट. गेलं ना माकड वाहून, आता स्वतःच निघाले लाडक्याकडे! मी त्याच दिवशी तिकीट काढलं, दोन आठवड्यांनंतरचं. रागाच्या भरात खिडकीची जागासुद्धा घेतली नाही त्यांच्यासाठी.

पुढचे चार दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. बाबा समोर जात होते, पण दार लोटून बसत. शनिवारी सकाळी ते खाली फिरायला गेले आणि मी कचरा टाकायला निघालो, तर बाईंनी मला जाळीच्या दारातून हाक मारली. आत ये, म्हणाल्या. मी पहिल्यांदाच त्यांच्या घरात पाऊल टाकत होतो. जेवणाच्या टेबलावर, पंख्यापासून लांब, माकड बसलं होतं. नवीन. चौथं.

"आता बाहेर नाही ठेवत," बाई त्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या. "मीच काढलं साच्यातून. इथे सेफ. तुझे वडील म्हणतात, ठेवू नका, त्याला नको आहे. मी म्हटलं, नको कसं? नक्की विचारलं का? म्हणाले, विचारायची गरज नाही."

"कुणाला नको आहे?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुला. हे तुझं माकड."

मी हसलो. आँटी, तुमची चूक होतेय, म्हटलं. मी जानेवारीचा, मी बकरा. माझा भाऊ माकड.

यावर बाई टेबलावर हात आपटून इतक्या हसल्या की मला राग यायला लागला. म्हणाल्या, ते इथलं, चिनी. आम्हा जपानी लोकांचं वर्ष एक जानेवारीला बदलतं, देवळातली जनावरंसुद्धा त्याच दिवशी बदलतात. माझा नवराही जानेवारीचाच होता. तो म्हणायचा मी बैल, मी म्हणायची तू वाघ. जाईपर्यंत आमचं भांडण मिटलं नाही. "तुझ्या वडिलांनी मला तुमच्या दोघांच्या तारखा लिहून दिल्या. मी सांगितलं, मोठा माकड, धाकटा कोंबडा. त्यांनी विचारलं, मोठ्याचा साचा आहे? मी म्हटलं, नाही, दोघांचाही नाही. म्हणाले, गुड. मी करतो. मोठ्याचा पहिला."

मी कचऱ्याची पिशवी हातात धरूनच उभा होतो. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला तेव्हा कुठे ती पिशवी मला दिसली.

मी खाली गेलो. ब्लॉकच्या तळमजल्याला मोकळी जागा आहे, व्हॉइड डेक म्हणतात इथे, तिथल्या दगडी बाकावर बाबा एकटेच बसले होते. चपला काढून, पाय वर घेऊन. मी शेजारी बसलो. कसं सुरू करायचं याची मी लिफ्टमध्ये दोन-तीन वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"बाबा, त्या दिवशी पाऊस आला तेव्हा मी घरातच होतो."

"माहितेय."

"म्हणजे, मी खिडकीतच होतो."

"माहितेय रे. मी समोरच्या दारात उभा होतो. जाळीतून दिसत होतास."

चार पावलांवर ते, चार पावलांवर मी, आणि मधे ते माकड. "मग तुम्ही का नाही उचललंत?"

"तुझं होतं," बाबा म्हणाले. "तू उचलशील म्हटलं. नाही उचललंस. मग म्हटलं, याला नकोय. माकड काय, आणि म्हातारा काय. उगाच किती दिवस राहायचं."

हे ते रागाने म्हणाले असते तर मी भांडलो असतो. भांडायची मला चांगली सवय आहे. पण ते समोरच्या झाडाकडे बघत, आजचा पेपर आला का अशा आवाजात म्हणाले. मला रडू फुटलं. मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं. मुलीच्या कपाटातला तक्ता, बकरा, फेब्रुवारी, धाकट्याचा फोन. "मला काय माहीत ते माझं होतं! मला वाटलं तुम्ही ते त्याच्यासाठी करताय. बाबा, शपथ सांगतो, माझं आहे हे माहीत असतं तर मी धावत जाऊन उचललं असतं."

सांगून मला हलकं वाटलं. आता उलगडा झाला, आता ते हसतील, पाठीवर हात ठेवतील, असं मला वाटत होतं.

बाबांनी पाय खाली घेतले आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आणि त्याचं असतं तर भिजू द्यायचं होतं?"

एक बाई पोराला त्याच्या खेळण्यातल्या स्कूटरवर ढकलत आमच्यासमोरून गेली. 'नाही' म्हणता आलं असतं. बाबांनी ते ऐकूनही घेतलं असतं.

"हो," मी म्हणालो.

बाबांनी चपला पायात घातल्या, एक सरकली होती ती पायानेच ओढून घेतली. मग उठले. "सुट्टी मिळते का तुला ऑफिसातून?"

"मिळते."

"मग काढ. सोमवारपासून कोंबडा घ्यायचाय. त्याचा." ते लिफ्टकडे चालायला लागले. "आणि तो तू करायचास. मी हात लावणार नाही."

मी सुट्टी काढली. सोमवारी नऊ वाजता समोरच्या दारात बाबांनी ठोकळा माझ्यापुढे ठेवला, पटाशी कशी धरायची ते दाखवलं आणि खुर्ची ओढून बसले. मला येत काहीच नव्हतं. माझा कोंबडा पहिले दोन दिवस बदकासारखा दिसत होता, आणि बाई तोंडावर रुमाल धरून आत निघून जायच्या. बाबा मात्र बोलत होते. उतार दे. लाकडाच्या रेषांविरुद्ध जाऊ नकोस, उचकटेल. अरे, घाई काय आहे, गाडी चुकतेय का तुझी? इतकं ते माझ्याशी आयुष्यात बोलले नव्हते, आणि ते सगळं धाकट्याच्या कोंबड्यावरून. साचा निघाला. माती दाबून पहिला कोंबडा काढला तर त्याचा तुरा मोडला, आणि मला मनातून बरं वाटलं. दुसऱ्याचाही मोडला, तेव्हाही थोडंसं. बाबा म्हणाले, माती परत मळ. तिसऱ्याचा तुरा साच्यातून अख्खा आला आणि फळीवर ठेवता ठेवता माझ्याच अंगठ्याने गेला, तेव्हा मात्र माझ्या तोंडून इतक्या जोरात "अरे देवा" निघालं की समोरून बायको धावत आली. तिकिटाची तारीख आदल्या दिवशीच उलटून गेली होती. बाबांनी त्या तिकिटाचा विषय काढला नव्हता, आणि मी माती मळत होतो.